जाळीवरचे झेंडू

धम्मदीपाला नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं कळतं, असं ऑफिसात कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "आवाजावरून काय डोंबल कळतंय! बसून आकडे बघावे लागतात," ती फटकन म्हणायची. कौतुक करणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. तशी ती फटकळच. गोड बोलून माणसं जोडणं तिला जमलं नाही, आणि जमावं असं तिला कधी वाटलंही नाही. तिशी ओलांडलेली, बुटकी, केस रबरात करकचून बांधलेले. सर्व्हर रूममध्ये बारा महिने गारठा, म्हणून मुळशीतल्या माण गावच्या रस्त्यावर भर मे महिन्यात ही बाई हातात स्वेटर घेऊन निघायची. नवे भाडेकरू तिच्याकडं टकामका बघत राहायचे.

जन्म माणचाच, बौद्धवस्तीतला. बाप कोंडीराम, कुशाबांच्या रानात गडी. रानं गेली, काचेच्या इमारती आल्या. तेव्हा कुशाबा इमारतीचे मालक झाले आणि कोंडीराम त्याच इमारतीच्या फाटकावर वॉचमन. गावाची प्रगती झाली म्हणतात, ती अशी! त्या फाटकावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कोंडीरामनं पोरीचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा पुरा करून घेतला. पुढं एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

तो गेला आणि फुलाबाईनं, म्हणजे दीपाच्या आईनं, हाय खाल्ली. दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायची. पुढ्यात ताट ठेवलं तर जेवायची, नाही ठेवलं तर नाही. शेवटी दीपानं एजन्सीवाल्याच्या मागं लागून तिला त्याच इमारतीत साफसफाईच्या कामाला लावलं. आणि काय सांगावं, बाई पुन्हा उभी राहिली! निळा गणवेश, गळ्यात फोटोचं कार्ड, जिन्याखाली सोबतिणींबरोबर चहा. हळूहळू ती सगळ्या बायांची मुकादम झाली. कार्ड टेकवलं की काचेचं दार आपोआप उघडतं, याचं तिला म्हातारपणी लहान पोरासारखं कौतुक. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते कार्ड ती खुंटीला न अडकवता उशाशी ठेवायची. दीपा मनाशी म्हणायची, माझी नोकरी गेली तर दुसरी बघू, पण आईचं हे कार्ड जाता कामा नये. ते गेलं की आई परत भिंतीला टेकली म्हणून समजायचं.

मायलेकींची इमारत एकच. दीपा तिसऱ्या मजल्यावर, एका कंपनीत. मुळशीतल्या लहानमोठ्या दवाखान्यांचे रक्ता-लघवीचे रिपोर्ट ही कंपनी आपल्या मशीनवर साठवते. ताम्हिणीच्या माणसाचं रक्त खाली लॅबला तपासलं की त्याचा रिपोर्ट इथं येऊन पडतो आणि डॉक्टर तिकडं आपल्या फोनवर बघतो. मालकाची इमारत म्हणून मालकाचा पोरगा शंभू हाही त्याच कंपनीत ॲडमिनचा हेड. भाड्याच्या बोलणीत काय काय ठरलं, कोण जाणे! पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, बोलणं अगदी मिठ्ठास. फुलाबाईला तो ऑफिसात 'मावशी' म्हणायचा. गावात, चावडीपाशी गाठ पडली, तर नुसतं 'फुले'. फुलाबाईनं दोन्ही हाकांना ओ दिली. दीपाला मात्र ते दरवेळी खुपायचं.

आता मशीनची गोष्ट. वर्षभर एकच रडगाणं चाललं होतं, रिपोर्ट उघडायला वेळ लागतो. दवाखान्यांचे फोनवर फोन. सगळे म्हणत होते, मशीन जुनं झालं, नवं घ्या. दीपानं महिनाभर डोकं घातलं आणि म्हणाली, "मशीनला धाड भरलेली नाही. ते झोपतंय."

खरंच झोपत होतं. सर्व्हर कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, ज्याला बायोस म्हणतात, वीज वाचवायचा हुकूम दिलेला असतो. क्षणभर काम नसलं की प्रोसेसर डुलकी घेतो. रिपोर्टांचं काम कसं, बारीक बारीक आणि सतत. एक मागणी आली, उठला, झाली, झोपला, दुसरी आली, पुन्हा उठला. उठण्यातच त्याचा जीव जात होता. शिवाय आत प्रोसेसर दोन, मेमरीही दोघांची वेगळी, आणि एकाला लागणारी माहिती दुसऱ्याच्या घरी ठेवलेली. दीपानं डुलक्या बंद केल्या, पूर्ण ताकदीची सेटिंग लावली, ज्याचं त्याला जवळ मिळेल अशी मेमरी लावून दिली. एक एक सेटिंग बदलायची, दोन दिवस बघायचं, मग पुढची. घाई नाही. दवाखान्यांचे फोन थांबले. एका डॉक्टरनं तर विचारलं, नवं मशीन कधी घेतलंत?

त्याच वेळी तिनं आणखी एक केलं, आणि ते मात्र शंभूला झोंबलं. बायोसला पासवर्ड घातला, पेनड्राइव्हवरून मशीन चालू होणं बंद केलं, बाहेरून काहीही जोडायची भोकं सेटिंगमधूनच मारून टाकली. आजाऱ्यांचे कागद आहेत हे, कुणीही यावं आणि कॉपी करून न्यावं असं कसं चालेल? शंभूची सवय अशी की बसल्या खुर्चीतून उठायचं, सर्व्हर रूममध्ये जायचं आणि खिशातला पेनड्राइव्ह खुपसून हवं ते उतरवून घ्यायचं.

"दीपा, अगं आपल्याच घरात आपल्याला कुलूप?" तो हसत म्हणाला.

"घर तुमचं असंल, शंभूदादा. कागद पेशंटचे आहेत."

तो हसला खरा, पण ते हसणं डोळ्यांत उतरलं नाही.

पूर्ण ताकदीनं चालणारं मशीन तापतं. समोरच्या जाळीतून ते गार हवा ओढतं आणि मागून गरम सोडतं. जाळी मोकळी असली म्हणजे झालं. दीपानं सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर कागद चिकटवला, जाळीपुढं काही ठेवू नये म्हणून. लिहिला मात्र इंग्रजीत. ऑफिसात सगळं इंग्रजीतच चालतं ना! आपली आई रोज ती खोली पुसते आणि तिला इंग्रजी वाचता येत नाही, हे हिच्या शहाण्या डोक्यात आलं नाही. हे तिला पुढं फार लागलं.

दसरा शनिवारी आला. दीपा दरवर्षी त्या दिवशी नागपूरला, दीक्षाभूमीला जाते. बाबासाहेबांनी धम्म दिला तो दिवस. त्यापुढं मशीन-बिशीन काही नाही. गुरुवारीच ती रेल्वेत बसली. जायचं फुलाबाईच्याही मनात होतं, पण साफसफाईवाल्यांना सुट्टी कसली! शुक्रवारी ऑफिसात दसऱ्याची पूजा होती, आणि पूजा म्हटली की फुलं उचलायला, प्रसादाचे द्रोण गोळा करायला बाया लागतातच.

शंभूनं बाजारातून झेंडूची पोतीच आणली होती. कॉम्प्युटरला हार, प्रिंटरला हार, लिफ्टला हार, चहाच्या मशीनलासुद्धा हार. सर्व्हर रूममध्ये शिरून त्यानं फर्मान काढलं, "मावशी, हे तर मेन दैवत. चांगलं भरगच्च दिसू दे. लाल कापडपण लावा समोरून." फुलाबाई काही पूजाअर्चा मानणारी नव्हे. पण साहेबानं सांगितलं, तिनं केलं. कपाटाचं दार उघडून सर्व्हरच्या तोंडावर हारांवर हार बांधले, वरून लाल कापड ताणलं. हळदीकुंकू शंभूनं लावलं, नारळ वाढवला, फोटो काढले, पेढे वाटले आणि सगळे आपापल्या घरी पसार झाले.

दवाखान्यांना कुठली दसऱ्याची सुट्टी! मशीन रात्रभर राबत राहिलं. नाकातोंडावर कापड, त्याखाली ओल्या झेंडूचा थर, पाकळ्या पंख्याच्या ओढीनं जाळीत जाऊन घट्ट बसलेल्या. शनिवारी दुपारी ते तापून बंद पडलं.

घरून मशीनवर लक्ष ठेवायचं काम त्या दिवशी सायलीचं होतं. दीपाच्या हाताखालची पोरगी, राहायला महाळुंग्याला. ती धावत आली, बटण दाबलं, मशीन चालू झालं, थोड्या वेळात पुन्हा बसलं. तिनं नागपूरला फोन लावला. दीपा गर्दीत उभी, एक बोट कानात घालून ओरडतेय, "सायली, मशीनच्या समोर काही आहे का?"

"दीपाताई, पूजा झालीय ना काल. हार आहेत."

"काढ ते! आधी काढ, मग चालू कर!"

"अहो, पण आज दसरा… पूजेचे हार असे कसे काढायचे? शंभूदादांना विचारते."

"अगं बये, कुणाला विचारू नकोस, काढ!" दीपा किंचाळली. फोन कट झाला. गर्दीत पुन्हा रेंज मिळेना.

सायलीनं शंभूला विचारलं. शंभू म्हणाला, सणाचा दिवस आहे, मांडलेली पूजा मोडायची नाही, अशुभ असतं. उद्या सकाळी दहीभात दाखवून उचलू. झालं! दहीभात येईपर्यंत मशीन बंद ते बंदच. इकडं पौडला एका दवाखान्यात ताम्हिणीची सारजाबाई नावाची म्हातारी घाटातून एसटीनं येऊन बसली होती. पोटाचं ऑपरेशन ठरलेलं, पण रक्ताचा रिपोर्ट उघडेना. डॉक्टरांनी तिला तशीच परत पाठवली. पोट धरून ती परत घाट चढली. असे आणखी किती जण असतील, त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

सोमवारी दीपा स्टेशनवरून थेट ऑफिसला आली. हार गेले होते, कापड गेलं होतं, फरशी लख्ख पुसलेली होती. तिनं सर्व्हर अर्धा बाहेर ओढला. जाळीच्या आत झेंडूच्या पाकळ्यांचा काळपट लगदा बसला होता. तिनं तो नखानं खरवडून काढला आणि सायलीला विचारलं, "बांधले कुणी हे?"

सायली खाली बघून म्हणाली, "तुमच्या आईनं, ताई. शंभूदादांनी सांगितलं म्हणून."



दुपारी मीटिंग होती. दवाखान्यांच्या वतीनं डॉक्टर आशालता स्वतः जाब विचारायला येणार होत्या. त्याआधी शंभूनं दीपाला जिन्यात गाठलं. आवाज खाली, अगदी भावासारखा.

"दीपा, तू खरं तेच बोल. मी कशाला अडवू? पण एक विचार कर. हार फुलामावशीनं बांधले. साफसफाईच्या बाईनं सर्व्हरला हात लावला, हे एकदा डॉक्टरबाईंच्या कानावर गेलं की एजन्सी तिला दारात उभं करणार नाही."

"बांधायला तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं असंल. ऐकलं कुणी?" त्यानं खांदे उडवले. "सायलीला विचार. तिला काही आठवत असंल तर आठवू दे. तुझं काय गं, तू शिकलेली, तुला शंभर नोकऱ्या. मावशीचं बघ. या वयात तिला कोण उभं करणार?"

दीपानं सायलीकडं पाहिलं. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर फाइल छातीशी धरून उभी होती. तिनं मान फिरवली. तिचंही लग्न ठरलं होतं, घराचे हप्ते चालू होते. ती तरी काय करणार? पण करायला हवं होतं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक शब्द बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

मीटिंगला डॉक्टर आशालतांनी एकच विचारलं, "मशीन बंद का पडलं? मला सरळ कारण हवंय."

शंभू टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला. सायली वहीत रेघोट्या ओढत होती. काचेपलीकडं, पॅसेजमध्ये, फुलाबाई वाकून कुंड्यांखालचं पाणी पुसत होती. आत काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. लेक काचेतून दिसली तशी ती हसली आणि परत कामाला लागली.

"माझी चूक झाली," दीपा म्हणाली. "मी मशीन पूर्ण ताकदीच्या सेटिंगवर ठेवलं होतं. ते तापलं. मी असं करायला नको होतं."

वाक्य पुरं केलं तिनं. जे काम आयुष्यात सगळ्यात चोख केलं, तेच तोंडानं चुकीचं ठरवून मोकळी झाली. डॉक्टर आशालतांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रामाणिकपणे सांगितलंत, हे आवडलं मला. हल्ली कुणी चूक कबूल करत नाही." शंभूनंही मान डोलावली, वर म्हणाला, "आमची दीपा तशी सरळच आहे हो." शाबासकी मिळाली! त्या शाबासकीपेक्षा कुणी थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं तिला.

त्याच संध्याकाळी हुकूम सुटला, मशीन मूळ सेटिंगवर आणा. सगळ्या सेटिंग. दीपानं विनवलं, वेगाचं काढते, पण पासवर्ड आणि पेनड्राइव्हची बंदी राहू द्या, त्यांचा तापण्याशी काय संबंध? शंभू म्हणाला, "बाई, आता नको डोकं लावूस. कारखान्यातून आलंय तसं राहू दे." एक एक करून बसवलेलं सगळं तिनं आपल्याच बोटानं पुसलं. स्क्रीननं विचारलं, नक्की? तिनं 'हो' दाबलं. मशीन उठलं आणि लगेच डुलक्या घ्यायला लागलं. दोनच दिवसांत शंभू खिशात हात घालून सर्व्हर रूममध्ये शिरला. बाहेर आला तेव्हा शीळ घालत होता. दवाखान्यांचे फोन पुन्हा सुरू झाले, आणि आता ते घ्यायला दीपालाच बसवलं. सर्व्हर रूमचं तिचं कार्डही काढून घेतलं.  आईचं कार्ड चालू आहे ना, मग झालं, असं मनाला बजावत तिनं दिवस काढले.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी फुलाबाई अवेळी घरी आली. दीपाला ताप होता, म्हणून ती घरीच होती. आई दारातच पायरीवर बसली. अंगावर निळा गणवेश, गळा मोकळा.

"आई, काय झालं? बरं न्हाई का?"

"कारड चालंना. चारदा टेकवलं. दार उगडंना." फुलाबाई दम खात बोलली. "मग सुपरवायझर आला. म्हनला, मावशी, उद्यापास्नं येऊ नका. कंपनीचं म्हननं हाय, जिच्यामुळं मशीन बसलं तिच्या घरचं मानूस त्या मजल्यावर नगं. कारड घेतलं काढून. तितल्या तितं. समद्या बाया बगत हुत्या."

 दीपा तिच्या पुढ्यात येऊन बसली.

"दीपे, खरं हाय का गं? तूच कबूल केलंस म्हनं समद्यांम्होरं."

दीपानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"इतकी वर्सं मी तितं झाडलं, पुसलं. माज्या कामाला कुनी बोट लावलं न्हाई कंदी. आन् तू शिकलीसवरलेली, तुला एक मशीन नीट ठिवता आलं न्हाई?" फुलाबाईनं तांब्या बाजूला सारला. "लोकं म्हनायची, फुलाबाई, तुजी पोरगी तेवडं मोटं मशीन सांबाळती. मला लई बरं वाटायचं. आगं, पूजेच्या दिशी भरगच्च कर म्हनून त्या शंभूनं दोनच हार हातात दिलं हुतं. मीच म्हनलं, माज्या लेकीचं मशीन हाय, तिच्या मशीनला कमी का? बाकीच्या मशीनींचं हार काडून समदं त्येलाच बांदलं. एक भोक दिसू दिलं न्हाई. आन् तू त्येला असं केलंस?"

दीपाच्या ओठांवर सगळं आलं. हार, कापड, जिना, शंभू, सायलीची फिरवलेली मान. एक वाक्य बोलली असती तर तिची चूक धुऊन निघाली असती, आणि ती समोर बसलेल्या या बाईच्या पदरात पडली असती, जन्मभरासाठी.

"व्हय आई," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

फुलाबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती उठली, आत गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली.